जाणिवेची वाट न पाहता

आत्मिक संजीवनाची गोष्ट निघाली म्हणजे महाराष्ट्रातील ख्रिस्ती मनुष्याच्या मनश्चक्षूंपुढे बहुतकरून केडगाव उभे राहते. पंडिता रमाबाईंच्या तेथील मुक्तिसदनात १९०५ साली प्रार्थनेची जी लाट उसळली, जिच्यात असंख्य मुली पश्चात्तापाने रडल्या व पुढे आनंदाने गात सुटल्या, तिची हकीकत आमच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. आणि तिचा एक परिणाम असा झाला आहे, की अंतःकरण उचंबळून आल्याखेरीज परमेश्वर आपल्याला भेटला असे मानावयास आम्ही सहसा राजी होत नाही. त्या हकिकतीविषयी माझ्या मनात अपार आदर आहे. परंतु जो मनुष्य रविवारच्या उपासनेला नेमाने हजर असतो, गीते म्हणतो, प्रभुभोजन घेतो, आणि तरीही ज्याला आतून काहीच जाणवत नाही, त्याने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर तीत सापडत नाही. मी स्वतः बराच काळ तसा मनुष्य होतो. प्रार्थनेचे शब्द तोंडातून येत, पण ते कोणाकडे चालले आहेत याची जाणीव नाहीशी झाली होती. आणि ती का नाहीशी झाली, याचेही काही कारण हाती लागत नव्हते.

अशा अवस्थेत असताना आमच्या मंडळीच्या पंचांनी विदर्भातील एका मिशनच्या कुष्ठरुग्णालयात सेवेसाठी गट पाठविण्याची तजवीज केली, आणि पाळकसाहेबांच्या आग्रहाखातर मी त्यात नाव घातले. या कामाची परंपरा जुनी आहे. वेल्स्ली बेली नावाचा एक आयरिश तरुण पंजाबात शिक्षक म्हणून आला असता अंबाला येथे मिशनने चालविलेले कुष्ठरुग्णांचे आश्रयस्थान त्याने पाहिले, आणि त्या दर्शनाने हेलावून जाऊन पुढे १८७४ साली त्याने कुष्ठसेवेसाठी वाहिलेली जी संस्था स्थापन केली, ती आज दीडशे वर्षे चालू आहे. मला या इतिहासातील जो भाग विशेष हृद्य वाटतो तो असा, की पहिली सत्तर-एक वर्षे या सेवकांपाशी रोगावर खात्रीचे औषधच नव्हते. चालमोगऱ्याचे तेल होते, पण त्याचा गुण अनिश्चित. १९४० नंतरच्या दशकात डॅप्सोन वापरात आले, आणि १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली, तेव्हा कुठे ठरावीक मुदतीत रोग निश्चित बरा करण्याचे सामर्थ्य मनुष्याच्या हाती आले. तोवरच्या पिढ्यांनी धुतले, पुसले, बांधले, जेवू घातले, आणि बरे करता येत नाही हे ठाऊक असूनही ते दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर रुजू झाले.

माझी तैनाती व्रणोपचाराच्या पडवीत झाली. तेथील शिरस्ता साधा होता. रुग्ण बाकांवर ओळीने बसत. प्रत्येकापुढे पाण्याचे घमेले ठेवावयाचे, आणि त्यात त्याचे पाय वीसेक मिनिटे भिजू द्यावयाचे. पाणी ऊन असता कामा नये असा सक्त हुकूम होता, कारण ज्याच्या पायाला चटका कळत नाही त्याची कातडी भाजून निघाली तरी तो स्वस्थ बसून राहील. पाय भिजले की घट्ट्यावरची मेलेली कातडी वजरीने हलक्या हाताने घासून काढावयाची, आणि ओल आत टिकावी म्हणून ओलसर पायालाच खोबरेल तेल चोळावयाचे. जखम असेल तर तेथे आमचे काम संपे. ती परिचारक पाही व पट्टी बांधी.

पायांना हात लावण्यापूर्वी तेथील डॉक्टरांनी आम्हांला रोगाचे स्वरूप समजावून सांगितले. हॅन्सन या नॉर्वेतील वैद्याने १८७३ साली ज्याचा शोध लावला तो जंतू त्वचेत आणि मज्जातंतूंत घर करतो, मज्जातंतू निकामी करतो, आणि हातापायांतील वेदना नाहीशी करतो. बहुतेक माणसांच्या शरीरात त्याला तोंड देण्याची शक्ती उपजतच असते, आणि औषध सुरू होताच रुग्णापासून इतरांना होणारा संसर्ग थांबतो. बोटे झडतात ती मांस सडल्यामुळे, असा समज मात्र शतकानुशतके चालत आला होता. मिशनरी मातापित्यांच्या पोटी तमिळनाडूतील कोल्ली टेकड्यांत जन्मलेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आले, आणि रुग्णांचे हातपाय वर्षानुवर्षे बारकाईने तपासून त्यांनी दाखवून दिले, की बोटे जातात ती न कळलेल्या इजांनी: तव्याच्या चटक्याने, चपलेतल्या खिळ्याने, एकाच जागी सतत पडणाऱ्या दाबाने, झोपेत उंदराने कुरतडल्याने. वेदना ही पहारेकरी आहे. ती गेली की शरीर बेवारस होते.

त्या पडवीत रोज येणारे सत्तरीकडे झुकलेले एक शेतकरी होते. सगळे त्यांना आजोबा म्हणत. गळ्यात तुळशीची माळ, बोलणे अस्सल वऱ्हाडी. त्यांचा रोग औषधाने केव्हाच बरा झाला होता, पण मेलेले मज्जातंतू काही परत जिवंत झाले नव्हते, आणि होणारही नव्हते. मी त्यांचे पाय पुसले की ते पिशवीतून एक लहानसा आरसा काढीत, तळव्याखाली धरीत, आणि टाचेपासून अंगठ्यापर्यंत अशा सावकाशीने न्याहाळीत, की जणू जुन्या दप्तरातील एकेक ओळ तपासली जात आहे. मग मऊ रबराच्या चपला उलट्या करून झटकीत, आत काटा-खडा नाही याची खात्री करून घेत, आणि मगच पायात घालीत.

“रोज पाहता का, आजोबा?” मी एकदा विचारले.

“पाय काई सांगत नाई, भाऊ. मंग मलेच पा लागते,” ते म्हणाले. “दुखत नाई म्हणून सोडून देल्लं, तं पाय जाते. पायलं, तं रायते.”

त्या रात्री मला झोप आली नाही. येथे एक गोष्ट स्पष्ट करणे माझे कर्तव्य आहे. कुष्ठरोगाला पापाची प्रतिमा करून प्रवचने देण्याची प्रथा आमच्या व्यासपीठांवर फार काळ चालली, आणि तिने या माणसांची भयंकर हानी केली आहे. त्यांना समाजाबाहेर डांबणारा १८९८ चा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडावे लागले; जोडीदाराचा हा रोग हे घटस्फोटाचे कारण मानण्याची तरतूद तर २०१९ साली निघाली. तेव्हा आजोबांचा रोग आणि माझ्या मनाची अवस्था यांची तुलना मी मांडणार नाही. मला त्यांच्या रोगाने काही शिकविले नाही. त्यांच्या नेमाने शिकविले.

मी इतकी वर्षे जाणीव परत येण्याची वाट पाहत होतो. ती आली म्हणजे प्रार्थना खरी होईल, तोवरची सारी कवायत, अशी माझी समजूत होती. आणि येथे एक मनुष्य होता, ज्याची जाणीव परत येणार नाही हे त्याला डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले होते, आणि तरीही ज्याचे पाय वर्षानुवर्षे धड राहिले होते, कारण जे जाणवत नाही ते तो रोज सकाळी डोळ्यांनी पाहत होता. त्याच्या पाहण्यात भावनेचा उमाळा नव्हता. तरी ते खोटे होते असे कोण म्हणेल? त्या नेमावर त्याचे चालणे-फिरणे, त्याचे शेत, त्याचे घर उभे होते. मग ज्या प्रार्थनेत मला काही जाणवत नाही, पण जी मी रोज करतो, जिच्यात मी माझ्या दिवसाची टाच आणि अंगठा परमेश्वरासमोर प्रकाशात धरतो, ती खोटी असे मी कोणत्या आधारावर ठरविले होते? वेल्स्ली बेलीनंतरच्या ज्या सेवकांनी औषधावाचून सत्तर वर्षे पट्ट्या बांधल्या, त्यांची सेवा गुण येत नाही म्हणून निष्फळ होती काय? केडगावच्या त्या मुलीदेखील १९०५ नंतर जन्मभर रडत किंवा गात बसल्या नव्हत्या. त्यांनी दळले, विणले, छापखान्यात रमाबाईंच्या मराठी बायबलाचे खिळे जुळविले. आणि ती वर्षे त्या लाटेइतकीच परमेश्वराची होती, हे मला त्या पडवीत प्रथम उमगले.

दुसऱ्या दिवसापासून मी योहानाच्या शुभवर्तमानातील पाय धुण्याचा प्रसंग निराळ्या रीतीने वाचू लागलो. वल्हांडणापूर्वीच्या त्या रात्री प्रभू कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांसमोर वाकतो, आणि पेत्र आपले पाय मागे घेतो. पूर्वी मला त्यात पेत्राचा विनय दिसे. आता वाटते, की आपले पाय कोणी जवळून पाहावेत हेच त्याला नको होते. आजोबा आपले पाय एका परक्या माणसाच्या हातात सहज देत असत. पहिले काही दिवस मी ते पाय खाली मान घालून, झटपट पुसून मोकळा होई. पुढे पुढे मी आरसा स्वतः धरू लागलो, आणि आम्ही दोघे मिळून तळवा पाहू लागलो. संध्याकाळच्या उपासनेला ते कधी कधी मागच्या बाकावर येऊन बसत व आपले नामस्मरण करीत. त्यांना कोणी अडविले नाही, आणि कोणी ओढलेही नाही.

मला काही विलक्षण अनुभव आला असे म्हणता येणार नाही. गहिवर आला नाही, स्वप्न पडले नाही. फक्त माझ्या प्रार्थनेवर मीच लावलेला तगादा थांबला. आणि तो थांबल्यावर, कित्येक वर्षांत प्रथमच, मला सकाळी उठून प्रार्थनेला बसावेसे वाटू लागले. त्याला संजीवन म्हणावे की नाही, हे जाणत्यांनी ठरवावे. माझ्यापुरते मी म्हणतो.

येत्या उपवासकाळात आमच्या मंडळीचा दुसरा गट तेथे जाणार आहे. ज्यांच्या मनात सेवेचा उत्साह दाटला आहे ते नावे देतीलच. पण ज्यांना हल्ली काहीच वाटेनासे झाले आहे, आणि त्यामुळे अशा कामाला आपण अपात्र आहोत असे जे समजतात, त्यांनीही पंचांकडे नाव नोंदवावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. नखे कापून जावे, बसायला स्वतःचा पाट न्यावा, आणि पाणी साधेच घ्यावे.