विश्लेषण : मधुमेह, गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना फक्त चालणे पुरेसे का नाही?

‘आता आराम करा’ हा घरच्यांचा प्रेमळ सल्ला मधुमेही, गुडघेदुखीच्या ज्येष्ठांना महागात पडतो. बसून राहिल्याने मांड्यांचे स्नायू झिजतात, गुडघे आणखी दुखतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जुनाट आजार असलेल्या ज्येष्ठांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवला. सकाळच्या फेरीने तेवढे भागते. पण २ दिवस स्नायूबळाचे आणि ३ दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही त्यात आहेत, आणि नेमके तेच राहून जातात. पडणे टळते ते मुख्यतः त्यांनीच. खुर्चीतून शक्यतो हात न टेकता उठणे-बसणे, ओटा धरून टाचा उचलणे, एवढ्यावरही सुरुवात होते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी साखर तपासावी, खिशात ग्लुकोज ठेवावे. छातीत दुखले तर तिथेच थांबून डॉक्टरांना गाठावे.