मैना गावावर, आपण रांजणगावात

रांजणगाव एमआयडीसीतली फर्स्ट शिफ्ट सुटते, तेव्हा एकदा चहाच्या टपरीवर उभे राहा. मराठवाड्याची मराठी, विदर्भाची मराठी, भोजपुरी, सगळं एकदमच कानावर येतं. कुणी ना कुणी फोनवर असतोच. पलीकडे आई, नाहीतर बायको. आपण या सगळ्यांना ‘बाहेरचे’ म्हणून मोकळे होतो.

अण्णाभाऊ साठेही मुंबईत बाहेरचेच. १९२० साली वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात जन्म, पोरवयात घरच्यांबरोबर पायी मुंबई, मग मिळेल ती मजुरी, गिरणी. (दीड दिवसाची शाळा जयंतीच्या भाषणात ऐकलीच असेल.) त्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड ऐकलीत का? लावणीला विरह नवा नव्हता. पण तिथे बहुतेकदा बाई झुरते; साजण का गेला, हे फारसं कुणी विचारत नाही. इथे गेलेलाच बोलतो आणि गरिबीने ताटातूट केली, असं सरळ सांगतो. पुढे तर गाणं संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शिरतं. बेळगाव, कारवार बाहेर राहिल्याचं दुःख मैनेच्या दुःखाला जोडलं जातं. गाव न सोडलेल्या शाहिराला हे सुचलं असतं, असं मला तरी वाटत नाही.

आता टपरीवरच्या भोजपुरी मित्राला ‘बिदेसिया’बद्दल विचारा. भिखारी ठाकूर बिहारच्या सारण जिल्ह्यातले, जातीने न्हावी, कमाईसाठी खडगपूरला गेलेले. हे त्यांचं नाटक. त्यातला नवरा कलकत्त्याला जातो, बायको गावात वाट बघते. दुखणं तेच. पण ठाकूर गावी परतले, तिथे नाटकमंडळी उभी केली आणि त्यांच्या नाटकात मागे राहिलेली बायको बोलते. अण्णाभाऊ मुंबईतच राहिले, त्यांच्या गाण्यात नवरा बोलतो. कलावंत कुठे थांबला, यावर गाणं कुणाच्या तोंडी जाईल हे ठरतं, ते असं.

अण्णाभाऊंकडे कामगारांची वस्ती होती, अमर शेख आणि गवाणकरांसोबतचं लाल बावटा कलापथक होतं, समोर बसून ऐकणारी माणसं होती. रांजणगावात कंत्राट संपलं की खोली बदलते, सोबतीही बदलतात. रूमवर कुणी गाणं रचलंच, तर त्याची रील होते आणि आपण ती अंगठ्याने वर सरकवतो.

तुमच्या गॅदरिंगची तयारी सुरू होईलच. टपरीवर एकदा विचारून बघा, गातं का कुणी.