अल्स्टरचे पट्टे: अटी कोणाच्या, दंड कोणाला?

१/
सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रज राजसत्तेने आयर्लंडच्या उत्तरेस, अल्स्टर प्रांतात, जी वसाहत उभारली तिच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद हमखास केला जातो. जमीन खिरापतीसारखी वाटलेली नव्हती. ती लेखी अटींवर दिलेली होती. घेणाऱ्याने घरे बांधायची, माणसे वसवायची, शस्त्रे बाळगायची, कुळांना पक्के पट्टे द्यायचे आणि राजाला सारा भरायचा. सबब ही लूट नव्हे, करार होता.

युक्तिवादाचा पूर्वार्ध खरा आहे. अटी होत्या आणि त्या बारकाईने लिहिलेल्या होत्या. उत्तरार्ध तपासायचा तर त्या अटी मोडल्या गेल्यावर काय झाले, हे पाहावे लागते. समर्थक नेमके तेथेच थांबतात.

२/
पार्श्वभूमी थोडक्यात. सप्टेंबर १६०७ मध्ये टायरोनचा अर्ल ह्यू ओ'नील आणि टिरकॉनेलचा अर्ल रोरी ओ'डॉनेल हे रॅथमुलन येथून गलबतात बसून युरोपात निघून गेले. पुढच्या वसंतात काहिर ओ'डोहर्टीने डेरीवर हल्ला करून बंड पुकारले. ते मोडले. आर्मा, कॅव्हन, कोलरेन, डोनेगल, फर्माना आणि टायरोन या सहा परगण्यांतील जमीन राजाकडे सरकारजमा झाल्याचे ठरवण्यात आले.

३/
खरी मेख येथे आहे. अपराध सरदाराचा, पण त्याच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्याचे काय? मराठी वाचकाला मिरासदार आणि उपरी हा भेद नव्याने सांगायला नको. मिरासदाराची जमीन त्याची स्वतःची, वडिलोपार्जित; गावावरचा अधिकारी बदलला म्हणून ती जात नाही. १६१० च्या उन्हाळ्यात कॅव्हनच्या रहिवाशांनी जवळजवळ हाच दावा मांडला. त्यांनी इंग्रजी कायदा जाणणारा एक वकील उभा केला. त्याचे म्हणणे असे की, या लोकांचा जमिनीवर वारसाहक्क आहे आणि तो सरदाराच्या द्रोहाने बुडत नाही. शिवाय मार्च १६०५ मध्ये लॉर्ड डेप्युटी आर्थर चिचेस्टर यांनी जाहीरनामा काढला होता की, ही सारी प्रजा कोणा सरदाराची बांधील नसून थेट राजाच्या संरक्षणाखाली आहे. त्या शब्दाचा लाभ आम्हांस मिळावा, अशी त्यांची मागणी होती.

४/
उत्तर दिले ॲटर्नी जनरल सर जॉन डेव्हिस यांनी. गेलिक रीतीने जमीन वाटली व वारशाने दिली जाते, ती रीत इंग्रजी कायद्याला मान्य नाही. म्हणून या लोकांना कायद्याने मालकी कधी नव्हतीच. याची पायाभरणी त्यांनी आधीच करून ठेवली होती. १६०६ मध्ये न्यायाधीशांनी भाऊबंदांत जमीन पुन्हापुन्हा वाटून घेण्याची आयरिश प्रथा रद्दबातल ठरवली, १६०८ मध्ये सरदारकीच्या वारसाची प्रथाही गेली. आधी हक्काचा पाया काढून घ्यायचा आणि मग हक्कच नाही म्हणायचे, असा हा क्रम होता.

निकाल देणाऱ्यांच्या पदरात काय पडले, हेही नोंदवलेले बरे. चिचेस्टर यांना ओ'डोहर्टीचा सारा इनिशोवेन मुलूख मिळाला. डेव्हिस यांना टायरोन व फर्माना येथे जमिनी मिळाल्या.

५/
आता त्या गाजलेल्या अटी. १६०९ साली त्या छापून प्रसिद्ध झाल्या, १६१० मध्ये सुधारल्या गेल्या. जमिनीचे हिस्से तीन आकारांचे: २०००, १५०० आणि १००० एकर. घेणारे तीन वर्गांचे. पहिला वर्ग ‘अंडरटेकर’, म्हणजे वसाहतीची हमी पत्करून जमीन उचलणारे इंग्रज व स्कॉटिश हमीदार. दुसरा ‘सर्व्हिटर’, म्हणजे आयर्लंडमध्ये राजाची चाकरी केलेले सैनिक आणि अधिकारी. तिसरा वर्ग ‘लायक’ ठरलेल्या आयरिश लोकांचा. त्यांच्या वाट्याला सुमारे एक पंचमांश जमीन आली, आणि तीही अनेकदा त्यांच्या मूळ ठिकाणापासून दूर.

२००० एकरवाल्या हमीदाराने गढी बांधायची आणि तिच्याभोवती तटबंदीचे आवार, ज्याला तेथे ‘बॉन’ म्हणतात, उभारायचे. १५०० वाल्याने दगडाचे वा विटांचे घर आणि बॉन. १००० वाल्याने किमान बॉन. दर हजार एकरांमागे १८ वर्षांवरील २४ पुरुष, किमान १० कुटुंबे, इंग्लंड वा स्कॉटलंडमधून आणून वसवायची. कुळांची घरे विखुरलेली नकोत, गढीजवळ एकत्र हवीत. घरात शस्त्रे हवीत. राजाच्या धर्मसत्तेची शपथ हवी. आणि हमीदाराच्या जमिनीवर आयरिश कूळ असता कामा नये.

६/
साऱ्याचे दर सर्वांत बोलके आहेत. हमीदाराला दर हजार एकरांस ५ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स. सर्व्हिटरने आयरिश कुळे ठेवली तर ८ पौंड. आयरिश जमीनधारकाला १० पौंड १३ शिलिंग ४ पेन्स. गणित करून पाहावे: आयरिश माणसाचा दर हमीदाराच्या बरोब्बर दुप्पट आहे. तीच जमीन, तोच पाऊस, तोच राजा.

त्यातही ‘एकर’ हा शब्द नावापुरता होता. मोजणी जुन्या स्थानिक एककांच्या अंदाजावर झाली. माळ, दलदल, रान हिशेबात धरलेच नाही. कागदावर हजार एकर घेणाऱ्याच्या ताब्यात प्रत्यक्षात त्याच्या कित्येक पट जमीन गेली. कागदावरच्या एकराला सव्वा पेन्सच्या आसपास सारा. खऱ्या एकराला त्याहूनही नगण्य.

७/
या अटी पाळल्या जातील असे लंडनमध्ये कोणाला खरोखर वाटत होते काय? मन्स्टरचा अनुभव ताजा होता. डेझ्मंडचे बंड मोडल्यावर १५८६ पासून तेथे हाच प्रयोग झाला होता. एका माणसाला जास्तीत जास्त १२,००० एकर, असा तेथील नियम. सर वॉल्टर रॅली यांना सुमारे ४२,००० मिळाले. आयरिश कुळांना बंदी तेथेही होती आणि तेथेही ती धाब्यावर बसवली गेली. १५९८ मध्ये बंड पोहोचताच ती वसाहत काही दिवसांत कोसळली. तरीही अकरा वर्षांनी तीच बंदी अल्स्टरसाठी नव्याने लिहिली गेली.

८/
अल्स्टरमध्ये घडले ते असे. इंग्लंडातून शेतकरी आणणे खर्चाचे, आणि आणलेला माणूस कमी खंड मागणार. जागेवरचा आयरिश शेतकरी मात्र जमीन सुटू नये म्हणून चढा खंड द्यायला तयार. त्याची गुरे होती, मेहनत होती, दुसरीकडे जायला ठाव नव्हता. हमीदाराने साधा हिशेब केला आणि आयरिश कूळ ठेवून घेतले. त्यांनी निघून जाण्याची मुदत आधी एकदा वाढली, मग पुन्हा वाढली.

सरकारला हे ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. १६११ मध्ये सर जॉर्ज करू यांनी पाहणी केली, १६१३ मध्ये सर जोसायस बॉडली यांनी, १६१८-१९ मध्ये निकोलस पिनर यांनी, १६२२ मध्ये राजाच्या आयोगाने. प्रत्येक पाहणीत तेच: अर्धवट बॉन, गैरहजर मालक, बंदी असलेल्या जमिनीवर आयरिश कुळे. अकरा वर्षांत चार पाहण्या. अटी इतक्या गंभीर होत्या तर हमीदारांच्या जमिनी सरसकट परत का घेतल्या गेल्या नाहीत?

उलट दंड बसला तो राहिलेल्या आयरिश माणसाला. १६१८ च्या जाहीरनाम्यानंतर हमीदाराच्या जमिनीवरून न हटणाऱ्या आयरिशांकडून दंड वसूल होऊ लागला. ज्याने सही केली त्याचा अटीभंग, आणि ज्याला कागद कधी दाखवलाही नाही त्याची शिक्षा.

९/
समर्थकांचा सर्वांत भक्कम मुद्दा टाळून चालणार नाही. गेलिक सरदारांची राजवट काही सुखाची नव्हती. सरदाराचे शिपाई प्रजेच्या घरी उतरत, खात, मागतील ते घेत. देण्याला ठराविक मोजमाप नव्हते. या जाचातून सामान्य माणसाला सोडवून त्याला निश्चित खंड आणि निश्चित मुदत द्यावी, हा डेव्हिस यांचा दावा होता आणि तो पोकळ नव्हता. १६०९ च्या अटींत तसे कलमही आहे: मालकाच्या मर्जीवर, मुदतीशिवाय जमीन देऊ नये; ठराविक वर्षांचा, हयातीचा वा वंशपरंपरेचा पट्टा द्यावा.

पण हे कलम ज्याला सर्वाधिक हवे होते त्यालाच ते लागू होऊ शकत नव्हते. हमीदाराच्या जमिनीवर आयरिश माणसाचे असणेच बेकायदा. बेकायदा माणसाला लेखी पट्टा द्यायचा कसा? दिला तर तोच अटीभंगाचा पुरावा. म्हणून तो राहिला सालोसालच्या बोलीवर, आणि मालक दरसाल खंड वाढवायला मोकळा. मर्जीची कुळवहिवाट संपवायला निघालेल्या कायद्यानेच तिची सर्वांत असहाय जात निर्माण केली.

आणि आणलेली कुळे तरी सुखी होती काय? पिनर यांच्या अहवालात असे वसाहतवासी पुन्हापुन्हा भेटतात, ज्यांच्या हाती लेखी पट्टा नाही, नुसते आश्वासन आहे. समुद्र ओलांडून आलेल्या त्या माणसालाही करार मिळाला नाही.

१०/
१६२८ मध्ये या साऱ्याचा निकाल लागला आणि तो निर्लज्ज होता. पहिला चार्ल्स राजा पैशाच्या अडचणीत होता. हमीदारांना नव्या सनदा देण्यात आल्या: दर हजार एकरांस ३० पौंड भरा, सारा दुप्पट द्या, आणि एक चतुर्थांश जमिनीवर आयरिश कुळे खुशाल ठेवा. वसाहतीच्या सुरक्षेसाठी अत्यावश्यक म्हणून जी अट गाजवली गेली, तिचा भाव हजारी ३० पौंड ठरला. हमीदार आता भरू लागला तो दुप्पट सारा १० पौंड १३ शिलिंग ४ पेन्स. म्हणजे आयरिश जमीनधारक पहिल्यापासून देत आलेला आकडा. तो पैसा कुळांच्या खंडातून निघणार, हे सांगायला अर्थशास्त्र नको.

उरलेल्या तीन चतुर्थांश जमिनीवरील आयरिश कुळे त्यानंतरही बेकायदाच राहिली, आणि राहिलीही.

११/
लंडन शहराचे प्रकरण याच माळेतले. कोलरेन परगणा १६१० च्या करारान्वये लंडन शहराकडे सोपवला गेला. १६१३ ची सनद, बारा मोठ्या व्यापारी मंडळ्यांत जमिनीचे वाटप, डेरीचे लंडनडेरी. तेथेही आयरिश कुळे राहिली. अटीभंगाची चौकशी स्टार चेंबरपुढे गेली आणि १६३५ मध्ये ७०,००० पौंड दंड आणि सनदेची जप्ती असा निकाल झाला. न्याय झाला म्हणावे, तर संसदेविना राज्य करणाऱ्या राजाला त्याच वर्षांत पैशाची किती निकड होती ते पाहावे. डेरीचे तट तोवर उभे होते आणि लंडनने तेथे मोठा खर्च केला होता. तुलनेने कमी काम केलेले हमीदार मात्र तीस पौंडांत सुटले होते. दंड अपराधाच्या मापाने नव्हे, तिजोरीच्या मापाने ठरत होता.

१२/
ज्यांचे कागद जुने आणि पक्के होते त्यांचीही सुटका नव्हती. १६२८ मध्ये आयर्लंडमधील जमीनदारांनी १,२०,००० पौंड देण्याचे कबूल केले. बदल्यात राजाने जी वचने दिली त्यांत एक असे: साठ वर्षे निर्वेध ताबा असेल तर राजा त्या जमिनीवर दावा सांगणार नाही. पैसे घेतले गेले. १६३४ मध्ये लॉर्ड डेप्युटी वेंटवर्थ यांनी त्या वचनाचा कायदा होऊ दिला नाही. पुढच्याच वर्षी ते कॉनाक्टमध्ये राजाचा जुना हक्क शोधायला निघाले. गॉलवेच्या पंचांनी तो मान्य केला नाही, तेव्हा पंचांनाच दंड ठोठावला.

करार दोन्ही बाजूंना बांधतो. राजाला काहीच बांधत नसेल, तर त्या कागदाला करार म्हणणे ही भाषेशी केलेली लबाडी आहे.

१३/
२२ ऑक्टोबर १६४१ च्या रात्री अल्स्टर पेटले. अग्रभागी सर फेलिम ओ'नील होता. तो वसाहतीने बेदखल केलेला माणूस नव्हता. इंग्रजी सनदेने जमीन धारण करणारा, ‘लायक’ वर्गातला जमीनदार होता, कर्जात बुडालेला आणि जमिनी गहाण टाकून बसलेला. त्यानंतरच्या महिन्यांत जे घडले ते भयानक होते. पोर्टाडाउन येथे सुमारे शंभर वसाहतवाशांना पुलावरून बॅन नदीत लोटून मारण्यात आले. त्यांपैकी कितीजणांनी १६०९ च्या अटी कधी वाचल्या असतील?

फेलिम ओ'नीलला १६५३ मध्ये डब्लिनमध्ये मृत्युदंड देण्यात आला. स्टार चेंबरने अटीभंगाबद्दल जप्त केलेली लंडन शहराची सनद १६६२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने परत दिली.