हौसेला मोल नसते

खिशाला न पेलणाऱ्या खर्चाचे समर्थन करावयाचे झाले की ‘हौसेला मोल नाही’ ही म्हण आपल्या तोंडी हमखास येते. मुंजीतील बँड असो वा दिवाळीतील पैठणी, या एका म्हणीने घरातील हिशेबनिसाचे तोंड बंद होते. परंतु या म्हणीचा अर्थ अक्षरशः घेणारी एक जागा जगात आहे आणि ती म्हणजे विमा कंपनीचे कार्यालय, हे आम्हांस अलीकडेच कळले. अभिधा, लक्षणा आणि व्यंजना हा भेद मुलांना शिकविण्यात आमची तीस वर्षे गेली. विमापत्राला मात्र यांतील पहिलीच शब्दशक्ती ठाऊक असते. जे लिहिले आहे तेवढेच त्याला दिसते.

आमच्या थोरल्या भगिनींचे चिरंजीव पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरीस आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांनी मोटार घेतली. मोटारीची कारखान्याने जाहीर केलेली किंमत आठ लाख रुपये. गाडी दारात आली आणि हौसेला पालवी फुटली. पहिल्या दसऱ्याला मोठा पडदा असलेली संगीतयंत्रणा आली, चाळीस हजारांची. पाठोपाठ चकचकीत मिश्रधातूची चाके आणि रुंद टायर आले, साठ हजारांचे. कातडी आसनांना तीस हजार आणि पुढच्या बाजूच्या लोखंडी गार्डला पंधरा हजार लागले. दुसऱ्या वर्षी पेट्रोलचा खर्च झेपेना, तेव्हा ओळखीच्या एका कारागिराकडून पंचावन्न हजारांत सी.एन.जी.चे किट बसवून घेतले. अशी दोन लाखांची हौस त्या गाडीवर चढली. आम्ही एकदा सहज विचारले, “अरे, हे सारे कुठे नोंदवले आहेस का?” त्यावर हसून उत्तर मिळाले, “मामा, गाडी माझी, पैसा माझा. नोंद कसली करायची?”

पुढे धुळ्याचे एक लग्नकार्य आटोपून तो व सूनबाई इंदूरला परतत होते. बिजासन घाटात वाहने खोळंबली होती. रांगेत उभ्या असलेल्या त्यांच्या गाडीवर ब्रेक निकामी झालेला एक मालट्रक कुशीच्या बाजूने येऊन आदळला. देवाची कृपा म्हणून दोघांचे प्राण वाचले. सूनबाईंच्या गळपट्टीचे हाड मोडले आणि ते दोन महिन्यांत सांधले. गाडी मात्र डोंगराच्या कड्याला चेपून चपटी झाली.

इथवर सारे दुःख नियतीचे होते. पुढचे दुःख आपल्या हाताने ओढवून घेतलेले, म्हणूनच ते वाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

मोटारीचा विमा उतरविताना तिची एक किंमत ठरते. तिला आय.डी.व्ही. म्हणतात, म्हणजे विमाधारकाने घोषित केलेली किंमत. कारखान्याच्या जाहीर किमतीतून वयोमानाप्रमाणे घसारा वजा करून ती काढतात. २००२ सालच्या मोटार-दरपत्रकात हा घसारा सहा महिन्यांपर्यंत शेकडा ५, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० असा दिला आहे. भाच्याची गाडी विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी तिसऱ्या वर्षात होती. आठ लाखांतून शेकडा तीस गेले आणि उरले पाच लाख साठ हजार. दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या शेकडा पंचाहत्तरहून अधिक होत असेल, तर गाडी पूर्ण नुकसानीत, म्हणजे बोलीभाषेत ‘टोटल लॉस’मध्ये गेली असे धरतात. दुरुस्तीचा अंदाज पावणेपाच लाखांचा आला आणि मर्यादा होती चार लाख वीस हजारांची. गाडी टोटल लॉस ठरली.

भाच्याने मनाशी हिशेब केला. पाच लाख साठ हजार गाडीचे आणि वर हौसेचे दोन लाख. परंतु कंपनीचा सर्वेक्षक पाहणीस आला, त्याने मागचे झाकण उघडले आणि गॅसची टाकी पाहिली. मग नोंदणी-पुस्तकातील इंधनाचा रकाना पाहिला. तेथे केवळ ‘पेट्रोल’ असे लिहिले होते. विमापत्रातही किटचा उल्लेख नव्हता. आठवड्याभरात कंपनीचे पत्र आले. वाहनात परवानगीवाचून फेरफार केला आणि तो कळविला नाही, तेव्हा संपूर्ण दावाच का नाकारू नये, याचा खुलासा करावा. दोन लाखांचे राहू द्या, साडेपाच लाखांवरच पाणी पडण्याची वेळ आली.

त्या रात्री भाचा आमच्याकडे आला. हाती एक टंकलिखित कागद होता. किट बसविल्याचे कळविणारे कंपनीच्या नावचे पत्र, तारीख वर्षभरापूर्वीची. कारागीरही मागील तारखेचे बिल द्यावयास तयार होता. “मामा, मूळ पत्र साध्या टपालाने धाडले होते असे म्हणू. तुम्ही फक्त या प्रतीवर तुमचा शिक्का मारा. सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाची सही आहे म्हटल्यावर कोण शंका घेईल?”

वाचकहो, आम्ही आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकांवर ‘सत्यप्रत’ असा शिक्का मारीत आलो. जिची मूळ प्रतच कधी जन्मास आली नाही, तिला सत्यप्रत म्हणावयाचे कसे? आम्ही नाही म्हटले. भाचा काही न बोलता निघून गेला. दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला. त्या एवढेच म्हणाल्या, “वडील गेल्यावर तुझ्या शिक्षणासाठी मी बांगड्या मोडल्या होत्या, तेव्हा मी शिक्का मागितला नव्हता.” त्या वर्षी राखीला त्या आल्या नाहीत. राखी टपालाने आली, सोबत चिठ्ठी नव्हती.

आम्ही शिक्का मारला नाही, पण स्वस्थही बसलो नाही. विमापत्र, कायदा आणि निकाल यांचा आठ दिवस अभ्यास केला. त्यातून जे हाती आले, ते सर्वांच्या उपयोगाचे आहे.

गाडीवर चढविलेल्या वस्तूंचे तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार परिवहन कार्यालयात नोंदवाव्या लागणाऱ्या बदलांचा. सी.एन.जी. वा एल.पी.जी. किट, बदललेले इंजिन, बदललेला रंग ही त्याची उदाहरणे. मोटार वाहन कायदा १९८८ याचे कलम ५२ यासाठीच आहे. किट मान्यताप्राप्त हवे, अधिकृत केंद्रानेच बसविलेले हवे आणि त्याची नोंद नोंदणी-पुस्तकात हवी. सी.एन.जी.च्या टाकीची दर तीन वर्षांनी दाब-चाचणीही करावी लागते. मग तेच कागद दाखवून विमापत्रात किटची किंमत चढवून घ्यावयाची.

दुसरा प्रकार केवळ विमा कंपनीस कळविण्याजोग्या वस्तूंचा. संगीतयंत्रणा, आसने, कारखान्याने संमत केलेल्या मापाची चाके या वस्तूंनी गाडीची मूळ घडण बदलत नाही, म्हणून कायद्याच्या दृष्टीने हा फेरफार नव्हे. परंतु कारखान्याच्या जाहीर किमतीत त्या नसतात आणि म्हणून आय.डी.व्ही.तही आपोआप येत नाहीत. बिल दाखवून त्यांची किंमत वेगळी लिहवून घेतली तरच गाडीबरोबर त्यांचेही पैसे मिळतात, आणि तेही घसारा वजा जाता.

तिसरा प्रकार कायद्याला मुळीच मान्य नसलेल्या गोष्टींचा. गाडीपुढील लोखंडी गार्ड कलम ५२चे उल्लंघन करतो, असे केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळविले. कारखान्याने ठरविलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत असा बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये सांगितले. अशी वस्तू कंपनीस कळविल्याने कायदेशीर होत नाही. ती उतरविणे हाच एक मार्ग.

आता नोंद न करून वाचले किती, ते पाहू. २००२च्या दरपत्रकाप्रमाणे किटच्या किमतीवर शेकडा चार, म्हणजे दोन हजार दोनशे, आणि तिसऱ्या पक्षाच्या विम्यासाठी साठ रुपये. संगीतयंत्रणेचे शेकडा चार म्हणजे सोळाशे. २००७पासून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर प्रत्येक कंपनीचे वेगळे झाले, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पण वर्षाला चार हजारांच्या आतबाहेरची ही बाब. तेवढ्यासाठी साडेपाच लाख पणाला लागले!

कंपनीला नुसते दुष्ट ठरविणेही न्याय्य नव्हे. विमा हा परम सद्भावाचा करार मानला जातो. कंपनी आपल्या घरी येऊन रोज गाडी पाहत नाही. आपण जे सांगतो त्यावर विसंबून ती जोखीम घेते आणि हप्ता ठरविते. गॅसची टाकी बसविली की जोखीम बदलते. ती बदलली हे सांगणे आपले काम.

तरीही दावा सर्वस्वी नाकारणे आम्हांस योग्य वाटेना. अटीचा भंग झाला, पण तो अपघाताचे कारण नव्हता आणि करारच मुळापासून मोडावा एवढा गंभीरही नव्हता, अशा वेळी दावा पूर्ण न फेटाळता काही कपात करून द्यावा, ही पद्धत विमा व्यवहारात आहे. तिला ‘नॉन-स्टँडर्ड’ तडजोड म्हणतात. २०१० सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिचा आधार घेऊन विमाधारकास ठोक रक्कम देवविली होती. त्या प्रकरणात खासगी गाडी भाड्याने वापरली होती, म्हणजे अटीचा भंग तेथेही होताच.

आम्ही भाच्याला बोलावून घेतले आणि समोर बसवून खरे पत्र लिहविले. किट बसविले, ते नोंदविले नाही आणि कंपनीस कळविले नाही, ही चूक पहिल्याच परिच्छेदात मान्य केली. मग पोलिसांच्या पंचनाम्याची प्रत जोडली. गाडी उभी होती, ट्रक येऊन आदळला, टाकी अभंग होती, आग लागली नाही. सर्वेक्षकाच्या अहवालाची प्रत मागितली, ती मागण्याचा विमाधारकास हक्क आहे. अहवालातही अपघाताचे कारण ट्रकची धडक हेच नोंदलेले निघाले. चाके, आसने आणि संगीतयंत्रणा यांची मागणी आम्ही स्वतःच सोडून दिली. सही करताना भाच्याचा हात थांबला. म्हणाला, “मामा, हे तर आपणच आपल्याविरुद्ध लिहून देतो आहोत.” आम्ही म्हटले, “टाकी त्यांनी पाहिलीच आहे. आता तुझ्यापाशी त्यांना न सापडलेली एकच गोष्ट उरली आहे, तुझा खरेपणा. ती तरी दाखव.”

हे पत्र कंपनीच्या तक्रार-निवारण अधिकाऱ्याकडे गेले. महिनाभरात समाधान झाले नसते तर पुढे विमा लोकपालाकडे जाण्याची तयारी होती. मध्य प्रदेशासाठी त्यांचे कार्यालय भोपाळला आहे, शुल्क लागत नाही, वकिलाची गरज पडत नाही. मात्र कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जावे लागते. सुदैवाने ती वेळ आली नाही. पाच लाख साठ हजारांचे शेकडा पंचाहत्तर, म्हणजे चार लाख वीस हजार, त्यातून अनिवार्य वजावट जाऊन मंजूर झाले. गाडीवरील कर्जापोटी बँकेचे एक लाख ऐंशी हजार बाकी होते, ते आधी बँकेस गेले. भंगार कंपनीने घेतले. कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाल्याचे परिवहन कार्यालयास चौदा दिवसांच्या आत कळवावे लागते, तेही केले. हे न केल्यास तुमच्या क्रमांकाच्या कागदांवर उद्या दुसरीच गाडी फिरू शकते.

हौसेचे दोन लाख आणि गाडीचे एक लाख चाळीस हजार बुडाले. खोट्या पत्रावर शिक्का मारला असता तर कदाचित अधिक मिळाले असते, असे ताईंना अजूनही वाटते. कदाचित भाचा आणि आम्ही दोघेही फौजदारीत सापडलो असतो, असे आम्हांस वाटते. भाऊबीजेला त्या आल्या, ओवाळले, पण या विषयावर अवाक्षर काढले नाही. आम्हीही काढले नाही. बहीणभावात काही हिशेब न मिटविताच पुढे ओढावे लागतात.

आम्हां महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांचे विम्याच्या बाबतीत एक विशेष आहे. विमापत्र इंग्रजीत येते, तक्रार आम्ही हिंदीत करतो आणि पश्चात्ताप तेवढा मराठीत होतो. तो टाळण्यासाठी एवढेच करावे. येत्या रविवारी पोहे आटोपले की कपाटातून नोंदणी-पुस्तक आणि विमापत्र काढावे, ते घेऊन गाडीपाशी जावे आणि गाडीवर जे आहे ते कागदावर आहे काय, हे एकेक करून ताडून पाहावे. जे नाही ते लिहवून घ्यावे. जे लिहवून घेता येत नाही ते काढून टाकावे.

भाच्याने आता जुनी गाडी घेतली आहे. तीत त्याने एकच वस्तू स्वतः बसविली आहे, समोरचा पितळी गणपती. “मामा, याची नोंद लागते का?” असे त्याने विचारले, तेव्हा तो पुष्कळ दिवसांनी आमच्याशी हसून बोलला.