अग्निशमनाचे अनुदान आणि माणसाचा जीव

आग लागली की बंब बोलवावयाचा आणि माणूस कोसळला की रुग्णवाहिका, ही विभागणी शासनाने आपल्या खात्यांच्या सोयीसाठी केलेली आहे. संकटे ती पाळीत नाहीत. जळत्या घरातून बाहेर काढलेला माणूस उंबऱ्याबाहेर येताच रुग्ण झालेला असतो आणि पुढील काही मिनिटांत त्याचा श्वास चालू राहतो की नाही, यावर सारे अवलंबून असते. त्या मिनिटांत त्याच्याजवळ असतो तो अग्निशमन दलाचा जवान. त्याच्या हाती पाण्याचा नळ आहे, शिडी आहे. परंतु प्राण सावरण्याचे शास्त्र त्याला पद्धतशीरपणे शिकविले गेलेले आहे काय? अग्निशमन जवानांना पॅरामेडिक म्हणून तयार करण्यासाठी अनुदान मागण्याचा प्रश्न येथून सुरू होतो. वरवर तो तांत्रिक वाटतो. प्रत्यक्षात तो सार्वजनिक पैसा कोणत्या कप्प्यात पडतो आणि कोणापर्यंत पोहोचत नाही, याचा प्रश्न आहे.

भंडाऱ्याची आठवण येथे अपरिहार्य आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे तेथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली. कक्षातील सतरा बालकांपैकी सात वाचली, दहा दगावली. त्यांपैकी तीन भाजल्यामुळे आणि सात गुदमरून गेली, असे तेव्हा शासनानेच सांगितले. कोणत्या उपायाने कोण वाचले असते, असा हिशेब आज मांडणे उचित नाही. तथापि आगीत ज्वाळेइतकाच, किंबहुना तिच्याहून अधिक, धूर घातक असतो, हे त्या रात्रीने पुन्हा एकदा दाखवून दिले. मग धुरातून माणूस बाहेर काढणाऱ्याला श्वासमार्ग मोकळा करणे, प्राणवायू देणे, छातीवर दाब देऊन हृदय चालू ठेवणे हे यावयास नको काय?

भंडारा हे निदान जिल्ह्याचे ठिकाण आहे. त्याच जुन्या जिल्ह्यातून १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि त्याच्या पूर्व टोकाला, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांच्या सीमेवर, सालेकसा तालुका आहे. मुंबई-हावडा लोहमार्ग येथून जातो. पण मार्गावर असणे म्हणजे मदतीच्या टप्प्यात असणे नव्हे. डोंगर, जंगल आणि भातशेती यांचा हा मुलूख. पावसाळ्यात बांधावर सर्पदंश होतो, रोवणीच्या दिवसांत वीज कोसळते, मोहफुले आणि तेंदूपाने यांच्या हंगामात जंगलात वणवे लागतात. हाजरा धबधब्यावर सहलीची गर्दी होते. माघ पौर्णिमेला कचारगडच्या गुहेकडे अनेक राज्यांतून गोंड बांधवांची यात्रा लोटते. यांपैकी आगीचा प्रसंग एखादाच. बाकी सारे प्रसंग जीव सावरण्याचे. गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु सीमेवरील पाड्यातून तेथवर पोहोचेपर्यंतच्या वेळेत रोग्याची जबाबदारी कोणाची?

या प्रश्नाचे उत्तर कायद्यातच हरवलेले आहे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीने अग्निशमन सेवा हे नगरपालिकांचे कार्य ठरविले. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत एकोणतीस विषय आहेत. त्यांत आरोग्य आहे, अग्निशमन नाही. म्हणजे शहरातील आगीला घटनेने एक धनी दिला आणि खेड्यातील आगीला तोही दिला नाही. ज्या तालुक्याचा बहुतेक भाग ग्रामपंचायतींचा आहे, तेथे बंब आला तर तो शेजारच्या नगरसंस्थेच्या सौजन्याने यावयाचा. हक्काच्या जागी सौजन्य आले की वाट पाहण्याची पाळी नेहमी गरिबावर येते.

पैशाची कथाही तशीच आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांतील अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी व आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपये राखून ठेवण्यात आले. केंद्राने २०२३ साली तशी योजनाही जाहीर केली. महाराष्ट्रासारख्या राज्यांनी २५ टक्के वाटा उचलावा, अशी तिची अट होती. त्याच आयोगाने त्याच काळासाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करण्यास ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली. एक रक्कम गृहखात्याच्या वाटेने, दुसरी आरोग्यखात्याच्या वाटेने. दोहोंच्या मध्ये उभा असलेला जवान मात्र दोन्ही खात्यांच्या नजरेतून निसटतो. शिवाय अनुदान म्हटले की आपल्याकडे वाहने, इमारती आणि यंत्रे खरेदी होतात. यंत्राचे उद्घाटन करता येते, त्यावर कोनशिला बसविता येते. प्रशिक्षित माणसाचे उद्घाटन करता येत नाही आणि त्याचा पगार दरमहा द्यावा लागतो.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर येथे एक साधा न्याय लागू पडतो. अग्निशमन केंद्राचा बहुतेक खर्च सज्ज राहण्याचा असतो. आग लागो वा न लागो, माणसे, गाडी आणि केंद्र चोवीस तास तयार ठेवावीच लागतात. हा खर्च एकदा समाजाने सोसल्यावर त्याच माणसांना उपचाराचे ज्ञान देण्यासाठी लागणारी जादा रक्कम त्या मानाने अल्प असते. विरळ वस्तीच्या तालुक्यात दोन स्वतंत्र सेवा उभारणे परवडत नाही, असे सांगून शासन दोन्ही देत नाही. एका केंद्रातून दोन्ही सेवा देणे हा त्या सबबीवरील उतारा आहे.

अन्यत्र हे घडलेले आहे. जपानमध्ये रुग्णवाहिका स्थानिक अग्निशमन दलेच चालवितात आणि १९९१ च्या कायद्याने त्यांतील तंत्रज्ञांना जीवरक्षक उपचारांचे अधिकार मिळाले. अमेरिकेत सिॲटल शहरी १९७० साली डॉक्टरांनी अग्निशमन जवानांना हृदयविकाराच्या तातडीच्या उपचारांचे शिक्षण दिले. आरंभीचे सरकारी अनुदान आटल्यावर ती सेवा लोकांच्या देणग्यांवर तगली आणि १९७९ साली किंग काउंटीच्या मतदारांनी तिच्यासाठी खास कर मान्य केला. अनुदान हे बियाणे आहे. पीक उभे राहते ते नियमित महसुलावर, हा त्यातला बोध. त्या देशात २००१ साली सुरू झालेल्या अग्निशमन अनुदान योजनेत लहान वस्त्यांकडून अवघा ५ टक्के, तर मोठ्या शहरांकडून १५ टक्क्यांपर्यंत वाटा घेण्याचे ठरले. भांडवलशाही देशालाही जे तारतम्य सुचले, ते आपल्या नियोजनाला सुचू नये, हे खेदजनक होय. आपल्याच देशात केरळने प्रत्येक अग्निशमन केंद्राला पन्नास याप्रमाणे नागरी संरक्षणाचे स्वयंसेवक जोडून दिले आहेत.

यावर काही आक्षेप येतील आणि ते गंभीरपणे घेतले पाहिजेत. पहिला आक्षेप असा की १०८ क्रमांकाची सेवा असताना हा खटाटोप कशाला? २०१४ साली ही सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे एक लाख वीस हजार लोकांमागे एक असे ते प्रमाण होते. सेवा मोलाची आहे, तिच्यात डॉक्टर असतो. पण गाडी दुसऱ्या रोग्याला घेऊन गोंदियाच्या वाटेवर असेल तेव्हा मागे कोणीतरी हवा. प्रशिक्षित जवान तिची जागा घेणार नाही, ती येईपर्यंतची पोकळी भरील.

दुसरा आक्षेप कामगारांच्या बाजूचा आहे आणि तो अधिक मोलाचा आहे. एकाच पगारात दोन माणसांचे काम, असा या योजनेचा अर्थ होता कामा नये. अपुऱ्या मनुष्यबळावर आणि कंत्राटी नेमणुकांवर नवे ओझे लादणे म्हणजे प्रशिक्षणाच्या नावाखाली पिळवणूक. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्याच्या वणव्यात आग विझविणारे तीन हंगामी मजूर होरपळून मेले. जो समाज आपल्या अग्निरक्षकाला हंगामापुरता मजूर मानतो, त्याला त्याच्याकडून जीवरक्षणाचे शास्त्र मागण्याचा नैतिक अधिकार कितपत पोहोचतो?

म्हणून मागणी नेमकी हवी. पहिल्या टप्प्यात प्रत्येक जवानाला रक्तस्राव थांबविणे, अस्थिभंगाला आधार देणे, भाजलेल्याची काळजी, सर्पदंश झालेला अवयव स्थिर ठेवून रोग्याला विनाविलंब हलविणे आणि हृदय-श्वसन पुनरुज्जीवन यांचे शिक्षण मिळावे. अमेरिकेत अशा प्राथमिक अभ्यासक्रमाला दीडशे तासांच्या आसपास आणि पूर्ण पॅरामेडिकला हजाराहून अधिक तास लागतात; तेव्हा दोन दिवसांचे शिबिर आणि प्रमाणपत्र वाटप यावर कोणी समाधान मानू नये. दुसऱ्या टप्प्यात निवडक जवानांना पूर्ण पॅरामेडिकचे शिक्षण मिळावे. २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यवसाय कायद्याने त्या व्यवसायाला मान्यता दिलेलीच आहे. शिकविणाऱ्या संस्था दूर नाहीत. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून नागपुरात आहे, वैद्यकीय महाविद्यालय गोंदियात आहे. अनुदानाच्या प्रस्तावात प्रशिक्षणाच्या काळातील वेतन, त्या काळात बदली माणूस, कायम पदे, जादा कौशल्याचा भत्ता, विमा आणि दर दोन वर्षांनी उजळणी यांची तरतूद असलीच पाहिजे. ग्रामपंचायतींच्या हद्दीत सेवा देण्याचे बंधन त्यात लिहिलेले असावे. स्थानिक संस्थेचा वाटा तिच्या ऐपतीप्रमाणे ठरावा. आणि गोंडी बोलणाऱ्या गावांसाठी त्या समाजातील तरुणांची भरती व्हावी. वेदना सांगणाऱ्याची भाषा समजणे हाही उपचाराचा भाग आहे.

जिल्हा नियोजन समिती आणि देवरीचे आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय ही या मागणीची पहिली दारे आहेत. कार्यकर्त्यांनी ग्रामसभांचे ठराव घेऊन तेथे जावे. तालुक्यात सर्पदंश, वीज, अपघात व आगी यांत किती वेळाने मदत पोहोचते, याची गावोगावची नोंद त्यांनी स्वतः करावी. अशी वही हाती असली म्हणजे अधिकाऱ्याला निधी नाही एवढे सांगून सुटता येत नाही.

निधी नाही, या उत्तराचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच लावला आहे. आगगाडीतून पडून डोक्याला जबर मार लागलेला बंगालमधील हकीम शेख हा शेतमजूर एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्याकडे धाडला गेला आणि त्यांपैकी कोठेही दाखल झाला नाही. त्याच्या बाजूने पश्चिम बंग खेतमजूर समिती न्यायालयात उभी राहिली. तातडीचा उपचार न देणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैशाच्या चणचणीची सबब सांगून शासनाला त्यातून सुटता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. हा हक्क शेतमजुरांच्या संघटनेने मिळविला, हे विसरता येत नाही. तो सालेकशाच्या सीमेवरील शेवटच्या गावात पोहोचविणे हे संघटनेचेच काम आहे आणि त्याची सुरुवात एका नीट लिहिलेल्या अनुदानाच्या अर्जापासून होऊ शकते.