रायफल सगळ्यात शेवटी घ्या

जेवता जेवता घरातलं एखादं मूल अचानक म्हणतं, "मला रायफल शूटिंग शिकायचंय." मग आजी घाबरते, आई खर्चाचा अंदाज बांधू लागते आणि बाबा मोबाइलवर रायफलींच्या किमती शोधू लागतात. तुमच्या घरी हे झालं असेल किंवा होणार असेल, तर आजचा लेख तुमच्यासाठी आहे. तुम्ही पुण्यात असा, इंदूरला असा, बडोद्यात असा की हैदराबादला, सुरुवात साधारण सारखीच असते. आणि ती रायफल विकत घेऊन होत नाही.

कोणती रायफल, कोणती स्पर्धा?

आधी एक गोंधळ दूर करूया. सैनिकाच्या किंवा पोलिसाच्या हातात दिसते ती सर्व्हिस रायफल. अमेरिकेत त्या धर्तीच्या रायफलींच्या स्पर्धा सामान्य नागरिकही खेळतात. ओहायो राज्यातल्या कॅम्प पेरी इथे १९०७ पासून त्यांचे राष्ट्रीय सामने भरत आले आहेत. आपल्याकडे मात्र हा प्रकार सैन्यदलं आणि पोलीस दलांपुरता आहे. मूल पुढे वर्दीत गेलं, तर तो रस्ता तिथे उघडतो.

शाळा-कॉलेजच्या वयात आपल्यासमोर दोन दारं असतात. पहिलं एनसीसीचं. तिथे कॅडेट्सना झोपून .२२ रायफल चालवायला शिकवतात, तीही घरच्या खिशाला हात न लावता. अंजली भागवत यांची सुरुवात एनसीसीतूनच झाली. शाळेत एनसीसी असेल तर पहिली चौकशी तिथेच करा.

दुसरं दार म्हणजे १० मीटर एअर रायफल. ती ऑलिंपिकमध्ये आहे आणि बऱ्याच शहरांत शिकवलीही जाते. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्ण जिंकलं ते याच प्रकारात. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये जगज्जेता झाला तोही यातच. मुली मागे आहेत असंही नाही. २०१८ पासून स्त्री-पुरुष दोघांनाही सारखेच ६० शॉट असतात. त्याआधी स्त्रियांना ४० असायचे.

हा खेळ नेमका आहे काय?

दहा मीटरवर एक कागद किंवा इलेक्ट्रॉनिक टार्गेट असतं. त्यावरचं सगळ्यात बाहेरचं वर्तुळ ४५.५ मिलिमीटरचं, म्हणजे चहाच्या कपाच्या तळाएवढं. मधला दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, म्हणजे ठिपक्याच्या नऊपट रुंद. गुण दशांशात मोजतात, त्यामुळे एका शॉटला जास्तीत जास्त १०.९ मिळतात. ६० शॉटचे पूर्ण गुण ६५४. वेळ सव्वा तास.

रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते. ती उभ्याने खांद्याला लावायची, नेम धरायचा, श्वास अर्धवट सोडून थांबायचं, ट्रिगर हळूच दाबायचा आणि शॉट सुटल्यावरही क्षणभर तसंच राहायचं. मग रायफल खाली घ्यायची आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. असं साठ वेळा, शिवाय सुरुवातीचे सरावाचे शॉट वेगळे. नेम धरून सात-आठ सेकंदांत शॉट गेला नाही, तर तो सोडून रायफल खाली घ्यायची. हा शॉट सोडायला शिकणं फार महत्त्वाचं आणि लहान मुलांना तेच सगळ्यात अवघड जातं.

आता लक्षात आलं असेल, हा खेळ सिनेमातल्यासारखा थरारक नाही. बघणाऱ्याला तो चक्क कंटाळवाणा वाटू शकतो. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत आपल्याला एवढंच शोधायचं असतं, की आपल्या मुलाला ही एकसारखी, शांत मेहनत आवडते का? बंदुकीचं आकर्षण बहुतेक मुलांना असतं. चाळिसाव्या शॉटलाही पहिल्याइतकीच काळजी घेण्याची आवड सगळ्यांना नसते, आणि नसली तर त्यात काही चूकही नाही.

पहिले सहा महिने

क्लब किंवा अकादमी निवडताना तिथे क्लबची रायफल वापरायला मिळते का, हा पहिला प्रश्न विचारा. मिळत असेल तर सहा महिने तीच वापरायची. त्याशिवाय हेही विचारून घ्या:

• एका प्रशिक्षकाकडे एका वेळी किती मुलं असतात?
• महिन्याच्या फीमध्ये पेलेट धरलेले आहेत का?
• मूल डावखुरं असेल तर तशी रायफल आहे का?
• पालकांना मागे बसून एक सत्र बघता येतं का?
• क्लब राज्य संघटनेशी संलग्न आहे का? पुढे स्पर्धेत उतरायचं तर याची गरज पडते.

सत्र बघायला गेलात तर टार्गेटकडे कमी आणि शिस्तीकडे जास्त लक्ष द्या. रायफलचं तोंड कायम टार्गेटच्या दिशेने आहे का? नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर आहे का? 'स्टॉप' म्हटल्यावर सगळे लगेच थांबतात का? कोणी पुढे टार्गेटकडे जाताना सगळ्या रायफली रिकाम्या करून, नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग घालून खाली ठेवलेल्या आहेत का? यातलं एक जरी ढिलं दिसलं, तर तिथल्या भिंतीवर कितीही पदकं असोत, दुसरी रेंज शोधा.

चांगला प्रशिक्षक पहिल्या दिवशी फार शॉट मारू देत नाही. पाय किती अंतरावर, कंबर कुठे, डावा कोपर बरगडीला कसा टेकवायचा, कोणता डोळा जास्त जोरकस, हेच चालतं. बऱ्याच ठिकाणी सुरुवातीला रायफल स्टँडवर टेकवून शिकवतात. "पैसे भरले आणि नुसतं उभं करतात," असं वाटलं तरी धीर धरा. हाच पाया आहे.

"किती मार्क पडले?" विचारू नका

आपल्याला परीक्षेची सवय. मूल रेंजवरून आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. त्याऐवजी विचारा, "आज ग्रुपिंग कसं आलं?"

ग्रुपिंग म्हणजे शॉट एकमेकांच्या किती जवळ पडले. समजा एकीचे पाचही शॉट सातच्या रिंगमध्ये, पण एकाच जागी पडले. दुसरीचा एक दहाला लागला आणि बाकीचे चारी दिशांना गेले. गुण बघून आपल्याला दुसरीचं कौतुक वाटेल. प्रशिक्षक मात्र पहिलीवर खूश असेल. कारण तिचं शरीर दर वेळी तेच करतंय. साइटचा स्क्रू काही क्लिक फिरवला की तिचा सगळा गुच्छ मध्यावर सरकतो. विखुरलेल्या शॉटना असा स्क्रू नसतो.

एक वही मात्र जरूर घालून द्या. आजची झोप, जेवण, किती शॉट, शरीर कुठे हललं, कोणता शॉट सोडून दिला, हे मुलाने स्वतः लिहायचं. आपण ती तपासायची नाही.

खर्चाचं गणित

आता मुद्द्यावर येऊया. स्पर्धेच्या दर्जाची परदेशी एअर रायफल लाखांच्या घरात जाते. त्यावर जाकीट, पँट, बूट, हातमोजा आले. पण घरांना अंदाज येत नाही तो रोजच्या खर्चाचा. पेलेटचा डबा साधारण ५०० नगांचा असतो. रोज १०० शॉटचा सराव धरला तर एक डबा पाच दिवसांत संपतो. त्यात रेंजची फी, प्रवास, स्पर्धांची प्रवेश फी आणि परगावचा मुक्काम धरा. म्हणून रायफलीची किंमत बघण्याआधी दर महिन्याला किती लागेल ते कागदावर मांडा. तो आकडा तीन वर्षं झेपणार असेल, तरच पुढचा विचार करा.

जाकिटाच्या बाबतीत आपली जुनी सवय सोडावी लागते. शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा घेतो. शूटिंगचं जाकीट तसं घेऊन चालत नाही. ते अंगाबरोबर बसलं तरच आधार देतं. उंची वाढत असलेल्या मुलांसाठी क्लबमधल्या मोठ्या मुलामुलींचं वापरलेलं जाकीट घेणं उत्तम. वापरलेली रायफल घेत असाल तर तिच्या हवेच्या सिलिंडरवरची मुदत आधी बघा. प्रशिक्षकाला बरोबर न्या.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते. एफडी मोडून किंवा कर्ज काढून पहिल्याच महिन्यात रायफल घरी आणली, की घरातलं बोलणं बदलतं. "एवढी महाग रायफल घेतली आहे ना, मग सराव नको?" हे वाक्य एकदा निघालं की मूल नेम धरताना टार्गेटसोबत घरचे हप्तेही बघू लागतं. सोडावंसं वाटलं तरी ते सांगणार नाही. क्लबची रायफल वापरण्याचा हाच सगळ्यात मोठा फायदा आहे. मुलाला "मला हे नको" म्हणण्याची मोकळीक राहते. अशी मोकळीक असूनही वर्षभराने जे मूल रेंजवर जायला तयार असतं, त्याच्यासाठी खर्च करताना हात आखडायला नको.

तब्येत आणि सुरक्षितता

पेलेट शिशाचे असतात. त्यामुळे रेंजवरून निघताना साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, हा नियम घालाच. पेलेट तोंडात धरायचे नाहीत. घरात रांगतं बाळ असेल तर शूटिंगचे कपडे वेगळे ठेवा आणि वेगळे धुवा.

उभ्याने नेम धरताना कंबर पुढे आणि पाठ मागे झुकते. रोज तासन् तास असं उभं राहिल्याने पाठ दुखू शकते. त्यामुळे पोट आणि पाठ मजबूत करणारे व्यायाम, चालणं, पोहणं हे सरावाइतकंच आवश्यक आहे. दुखतंय म्हटलं की त्या दिवशी सराव बंद. डोळ्यांची तपासणी सुरुवातीलाच करून घ्या. चष्मा असला म्हणून हा खेळ बंद होत नाही.

४.५ मिलिमीटरच्या, २० ज्यूलपर्यंत ताकद असलेल्या एअर रायफलला आपल्या कायद्यात परवाना लागत नाही. .२२ रायफलला लागतो. पण परवाना लागत नाही म्हणून एअर रायफल खेळणं होत नाही. तिचा छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो. गच्चीवर, गॅलरीत, पक्ष्यांवर कधीच नाही. घरी रायफल असेल तर ती कुलपात, पेलेट दुसऱ्या कुलपात आणि किल्ली मोठ्यांकडे. घरी छर्ऱ्याशिवायचा सराव करता येतो. भिंतीवर ठिपका लावून वीस मिनिटं नुसता नेम आणि ट्रिगर. मात्र स्प्रिंगची रायफल अशी रिकामी चालवली तर बिघडते, म्हणून आधी विचारून घ्या.

स्पर्धा कधी?

ग्रुपिंग स्थिर झालं आणि ६० शॉट न थकता पूर्ण होऊ लागले, की क्लबची छोटी स्पर्धा. त्यानंतर तुम्ही राहता त्या राज्याच्या संघटनेमार्फत राज्य स्पर्धा आणि ठरलेली पात्रता गाठली की पुढच्या पायऱ्या. काही स्पर्धांत ओपन साइट आणि पीप साइट असे वेगळे गट असतात. अर्ज भरण्याआधी आपला गट कोणता ते प्रशिक्षकाकडून समजून घ्या.

या वाटेवर 'जी. व्ही. मावळंकर स्पर्धा' हे नाव तुमच्या कानावर पडेल. लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर हे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाचे संस्थापक अध्यक्ष. ते अहमदाबादचे मराठी गृहस्थ. महाराष्ट्राबाहेर राहून मुलांना या खेळात घालणाऱ्या मराठी घरांना हे नाव जवळचं वाटावं असंच आहे.

घाई मात्र नको. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. त्याला पॅरिस ऑलिंपिकचं कांस्यपदक मिळालं १ ऑगस्ट २०२४ रोजी, ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात. मधली पंधरा वर्षं सरावाची, आणि त्यातली बरीच वर्षं रेल्वेतली नोकरी सांभाळून. इतकी वर्षं टिकायचं तर मुलाला खेळ स्वतःचा वाटायला हवा.

एक सूचना आयांसाठी. मुलाला रेंजवर सोडून बाहेर बाकावर दोन तास बसण्यापेक्षा एकदा स्वतःही शिकून बघा. इथे धावायचं नाही, उडी मारायची नाही, त्यामुळे चाळिशीतही सुरुवात करता येते. साडेचार-पाच किलोची रायफल दहा वेळा उचलून बघितली, की मूल दमून का येतं ते न सांगता कळतं.

तेव्हा या आठवड्यात फक्त एवढं करा. शाळेत एनसीसी आहे का विचारा, जवळच्या दोन रेंजचे पत्ते काढा, मुलाला घेऊन एक-एक सत्र मागे बसून बघा. परत येताना रायफलच्या दुकानात शिरू नका. वाटेत उसाचा रस घ्या आणि मुलाला विचारा, "तिथे कंटाळा आला का?" त्याचं उत्तर नीट ऐका.