बँकांतल्या ठेवी वाढल्या, म्हणजे जिल्हा सुधारला का?

पासबुकात जमा दिसणारी रक्कम तुमच्यासाठी बचत असते. बँकेच्या वहीत मात्र तीच रक्कम 'देणी' या रकान्यात जाते, कारण ती कधी ना कधी परत द्यायची असते. देशातल्या बँकांची ही देणी किती वाढली, किती घटली, याचा आकडा रिझर्व्ह बँक दर पंधरवड्याला जाहीर करते. जिल्हानिहाय ठेवी आणि कर्जाची आकडेवारी दर तिमाहीला येते. बाजारात पैसा किती आहे, याचा अंदाज त्यावरून घेतला जातो. पण वर्ध्यासारख्या कापूस-सोयाबीनच्या जिल्ह्यात नुसता वाढलेला आकडा पाहून खूश होऊन चालत नाही.

पैसा आला कुठून?

दिवाळीनंतर कापूस विकला की खात्यात पैसे येतात आणि जूनमध्ये बी-बियाणं, खतात निघून जातात. म्हणून फेब्रुवारीच्या आकड्याची तुलना जूनशी करू नये. ती मागच्या वर्षीच्या फेब्रुवारीशीच करावी.

समृद्धी महामार्ग सेलू, वर्धा, आर्वी तालुक्यांतून गेला. जमिनीचा मोबदला शेतकऱ्यांच्या खात्यात जमा झाला आणि ठेवी फुगल्या. पण तो पिकाचा पैसा नव्हता. ठेव आली आणि वावर गेलं.

नोटबंदीतही असंच झालं. ८ नोव्हेंबर २०१६ नंतर देशभर ठेवी एकदम वाढल्या. लोकांची कमाई वाढली नव्हती, जुन्या नोटा भरणं भाग होतं. त्यातच १४ नोव्हेंबरपासून जिल्हा बँकांना या नोटा घ्यायला मनाई झाली, तीही ऐन कापसाच्या हंगामात.

पैसा गेला कुठे?

बँकेत १०० रुपये ठेव आली, तर २०२५ मधल्या कपातीनंतर त्यातले ३ रुपये रिझर्व्ह बँकेकडे राखून ठेवावे लागतात. साधारण १८ रुपये मुख्यतः सरकारी रोख्यांत जातात. उरलेल्यातून कर्ज देता येतं. पण ते कर्ज इथेच द्यावं, असं बंधन नाही. जिल्ह्यातल्या १०० रुपये ठेवीमागे जिल्ह्यात किती कर्ज वाटलं, याला सीडी रेशो म्हणतात. ठेवी वाढत असतील आणि हा रेशो घसरत असेल, तर गावाचा पैसा दुसरीकडेच कामाला लागला, असा अर्थ निघतो. रेशो वाढला तरी कर्ज कशाचं, हे पाहावं लागतं. पीककर्ज आणि विहिरीचं कर्ज वेगळं, घरखर्चासाठी सोनं गहाण ठेवून काढलेलं वेगळं.

परत द्यायची ताकद आहे का?

हा प्रश्न वर्धेकरांना नवा नाही. वर्धा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक अडचणीत आली, तेव्हा ठेवीदारांना स्वतःचेच पैसे काढताना नाकीनऊ आले. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्राने परवाना नसलेल्या २३ जिल्हा बँकांना सावरण्याची योजना मंजूर केली. त्यात महाराष्ट्रातल्या नागपूर, वर्धा आणि बुलडाणा या तीन बँका होत्या. वहीत ठेवींचा आकडा होता, पण तो चुकता करायला हाती पैसा नव्हता. दिलेली कर्जं आणि गुंतवणूक वसूल झाली तरच देणी फिटतात.

आज बँक बुडाली तर एका ठेवीदाराला एका बँकेत, सगळ्या शाखा मिळून, व्याजासह ५ लाखांपर्यंतच विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही.

त्यामुळे 'जिल्ह्यात ठेवी वाढल्या' अशी बातमी आली, की तीन गोष्टी विचाराव्यात. पैसा पिकातून आला की जमीन विकून? मागच्या वर्षी याच महिन्यात किती होता? आणि त्यातला किती पैसा पेरणीच्या आधी पीककर्ज म्हणून आपल्या तालुक्यात परत आला? यातला शेवटचा प्रश्न बँकेच्या शाखेत आणि ग्रामसभेतही विचारता येतो.